अण्णा उभे राहिले त्याचं खरं कारण

माझ्या वडिलांनी कार्पोरेशनच्या निवडणुकीत वाटलेल्या पत्रकाची एक प्रत अजून माझ्याकडे आहे. गुलाबी, पातळ कागद, एका कडेला कसर लागलेली. वर अण्णांचा कोट घातलेला फोटो. तो कोट गिऱ्हाइकाचा होता. फोटो काढून झाल्यावर इस्त्री करून दुसऱ्या दिवशी ज्याचा त्याला देऊन टाकला. फोटोखाली दोन मथळे आहेत, 'उमेदवाराचा परिचय' आणि 'लोकसेवेची प्रेरणा'. दोन्ही मजकूर माझे. परिचयात थोडं खोटं आहे आणि प्रेरणेत सगळंच. ज्यांना तो कागद वाचून दाखवला ते बहुतेक आता राहिले नाहीत, आणि माझंही वय असं झालंय की कोणी रागावलं तरी नीट ऐकू येत नाही. तेव्हा सांगून टाकते.

आधी परिचय. आम्ही बेंगळूरच्या पेटेतले, म्हणजे तिथल्या बाजारवस्तीतले, जुने मराठी शिंपी. किती जुने ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण तीनशे वर्षं म्हणायची घरात पद्धत होती. पत्रकात मी लिहिलं, 'उमेदवाराचे पूर्वज मराठी फौजेबरोबर या नगरीत आले.' ते खरंच फौजेबरोबर आले होते, पण तंबू शिवायला. तंबूचं वाक्य अण्णांनी स्वतः खोडलं. शिक्षणाबद्दल लिहिलं, 'इंग्रजी शिक्षण घेतलेले.' घेतलं होतं, चौथीपर्यंत, आणि नंतर जिथलं तिथं परत केलं होतं. समाजकार्यापाशी येऊन मात्र आम्ही दोघं अर्धा तास अडलो. अण्णांनी जन्मात कसलंही समाजकार्य केलं नव्हतं. दुकानापुढचं गटार वीस वर्षं तुंबलेलं होतं आणि वीस वर्षं ते त्यावरून उडी मारून दुकानात जात होते. वय झालं तशी उडी आखूड पडायला लागली, तेव्हा त्यांनी एक फळी आणून टाकली. शेवटी मी लिहिलं, 'नागरिकांच्या सोयीसाठी स्वखर्चाने पूल बांधला.' अण्णांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, हे बरं आहे, हे राहू दे.

प्रेरणेत लिहिलं होतं की नागरिकांचे हाल पाहून उमेदवाराचं अंतःकरण द्रवलं. ते वाचून अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपलं अंतःकरण असं आहे हे त्यांना नव्यानंच कळत होतं. खरी प्रेरणा समोर बसून शाईची दौत बंद करत होती, ते त्यांना माहीत नव्हतं.

मी तेव्हा अठराची. एस.एस.एल.सी. चांगल्या मार्कांनी पास होऊन वर्षभर घरी बसले होते आणि दुकानातली काजं-बटणं करत होते. मला कॉलेजात जायचं होतं. आईला माझं लग्न करायचं होतं. अण्णांना गिरणीच्या वॉचमन लोकांचे खाकी गणवेश वेळेवर द्यायचे होते, याखेरीज त्यांना जगाकडून काही नको होतं. अशा घरात जे आईला हवं असतं तेच होतं.

मध्यस्थानं स्थळ आणलं. मुलगा विमानांच्या कारखान्यात फिटर, मूळ साताऱ्याकडचा, आमच्यातलाच. आई आणि मामाबरोबर कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये नवाच राहायला आलेला. तिघांनाही कानडीचं अक्षर कळत नव्हतं. मध्यस्थानं त्यांना आमचा पत्ता कागदावर लिहून दिला आणि तुम्ही तुमच्या सवडीनं या, मी परस्पर मुलीच्या घरी येतो, असं सांगितलं.

त्याच आठवड्यात कार्पोरेशननं आमच्या गल्लीतल्या घरांना नवे नंबर दिले होते. जुने नंबर चौकटीवर डांबरानं लिहिलेले होते, आणि ते कुठे सुरू होतात, कुठे संपतात हे पोस्टमनखेरीज कुणाला कळत नसे. आता पत्र्याच्या छोट्या निळ्या पाट्या आल्या. एक माणूस शिडी घेऊन आला, घरटी एक पाटी खिळ्याला अडकवून गेला आणि घरटी एक चिठ्ठी देऊन गेला. आमच्या चिठ्ठीवर एक्केचाळीस, आणि मध्यस्थानं दिलेल्या कागदावरही तोच. तीन घरं पलीकडे, गल्ली वळते तिथे, चव्वेचाळीस. पाट्या लागून चारच दिवस झाले होते आणि आपल्या दारावर काय टांगलंय ते अजून कुणी वाचलं नव्हतं. आपल्या घरात शिरताना पाटी कोण वाचतो?

चव्वेचाळीस नंबरात माझी मैत्रीण राहायची, तीही आमच्यातलीच. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आणि इतकी उंच की त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारातून वाकून जायची. चार स्थळं त्या उंचीवरून गेली होती. बसलेली असेपर्यंत ती सगळ्यांना पसंत असायची. उठून उभी राहिली की पाहुण्यांना पत्रिका आठवायची. तिला लग्न मनापासून हवं होतं. स्वतःचा संसार, स्वतःची भांडी, सगळं तिनं मनात मांडून ठेवलं होतं. मला भांडी नको होती, पुस्तकं हवी होती. दोन्ही घरांत मुलींची अदलाबदल झाली होती असं म्हणायचं.

रविवारी चार वाजता पाहुणे यायचे होते. तीन वाजता आई उप्पिट्टूच्या फोडणीत होती, केसरीबाथ, म्हणजे केशरी शिरा, झाकून ठेवला होता, आणि अण्णा धुतलेलं धोतर नेसून अवघडून बसले होते. गल्ली जेवून झोपलेली. मी फुलं आणते म्हणून बाहेर पडले, आमची पाटी काढून पदराखाली घेतली, वळणापर्यंत गेले, चव्वेचाळीसची पाटी काढून तिच्या खिळ्याला आमची अडकवली. मान वर केली तर मैत्रीण खिडकीत. तिनं माझ्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, आणि पडदा ओढून घेतला. मी त्यांची पाटी आमच्या दाराला लावली, फुलं घ्यायला विसरले, आणि घरात येऊन केस विंचरत बसले.

पुढचं मला मैत्रिणीनं नंतर सांगितलं. पाहुण्यांचा जटका, म्हणजे आमच्याकडचा टांगा, गल्लीच्या दुसऱ्या टोकानं आला. मामांनी कागद पाहिला, पाटी पाहिली, आणि तिघं आत शिरले. आमच्या लोकांत पद्धत अशी की दारात आलेल्याला आधी बसा म्हणायचं, मग पाणी, मग खायला, आणि ते पोटात गेल्यावर मग कुठून आलात ते विचारायचं. आधी विचारणं म्हणजे त्याला दारातूनच घालवल्यासारखं. मैत्रिणीची आई क्षणभर गडबडली. पण मागे वळून बघते तर मुलगी नवी साडी नेसून, केसांत अबोली माळून रवा भाजायला बसलेली. ही कोण माणसं गं, असं आईनं कुजबुजत विचारलं, तर ही म्हणाली, सोदरमामानं पाठवली असतील. तिचा हा सख्खा मामा तिकडे आनेकल गावी. त्याला विचारायला कोण जातंय?

मुलगा तिच्याहूनही बोटभर उंच निघाला. त्याच्या आईनं मुलीला उभं राहायला सांगितलं, ती घाबरत घाबरत पूर्ण उभी राहिली, आणि बाई खूश झाल्या. लेकाला बायकोशी वाकून बोलायला नको, त्याची पाठ आधीच दुखते, असं म्हणून त्यांनी तिच्या हातावर साखर ठेवली. मुलीचं नाव मध्यस्थानं निराळं सांगितलं होतं असं मामांना वाटलं, पण मध्यस्थाचं कुठलं खरं धरायचं, असं म्हणून त्यांनी केसरीबाथ आणखी मागून घेतला.

इकडे आम्ही बसलेलो. मध्यस्थ आमच्याकडे येऊन दोन कॉफ्या पिऊन चुकला होता. आमचा केसरीबाथ थिजला. पाच वाजता मध्यस्थ रस्त्यावर डोकावला तो वळणावरच्या घरातून पाहुणे विडे चघळत बाहेर पडताना दिसले. तो धावत गेला, मागून अण्णा, मागून आई. मी खिडकीतून बघत होते. भीती होती, पण खरं सांगते, हसूही होतं.

मुलाकडचे म्हणाले, साखर दिली, शब्द दिला, आता फिरवत नाही. मुलगा तर नुसता वळणावरच्या घराकडे बघत होता. मग अण्णांनी घरून चिठ्ठी आणली आणि दारावरची पाटी काढून आणली. चिठ्ठीवर एक्केचाळीस, पाटीवर चव्वेचाळीस. अण्णा उभ्या आयुष्यात कुणावर ओरडले नव्हते. गिऱ्हाइकानं कोट तीनदा उसवायला लावला तरी हसून उसवायचे. त्या दिवशी ते एका हातात चिठ्ठी आणि दुसऱ्या हातात पाटी घेऊन गल्लीच्या मध्यावर उभे राहिले आणि अख्ख्या कार्पोरेशनचा उद्धार केला. कानडीत केला, मराठीत केला, मग दम लागला तेव्हा थांबले. आईनं आम्हाला दोन दिवस तोच केसरीबाथ खायला घातला.

महिन्याभरात मैत्रिणीचं लग्न झालं. मांडवात तिनं माझा हात इतका घट्ट धरला की माझी बांगडी वाढली. दोघींपैकी कुणीही त्या दुपारबद्दल अवाक्षर काढलं नाही.

अण्णांचा राग मात्र निवेना. त्यांनी अर्ज केला. उत्तर आलं नाही. दुसरा केला. मग स्वतः गेले, तर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरून संध्याकाळी परत आले. दुकानाच्या बाकावर रोज बसणारी तीन-चार मंडळी होती. त्यांना हा विषय फार आवडला. निवडणूक जवळ आली होती. एके दिवशी मी आतून कॉफी घेऊन गेले आणि सहज म्हटलं, अण्णा, कुणी तिथं जाऊन बसल्याशिवाय हे लोक ऐकणार नाहीत, तुम्हीच का नाही उभे राहत? बाकावरच्यांनी ते उचलून धरलं. माझा हिशेब सरळ होता. अण्णा निवडणुकीत गुंतले की घरात स्थळाचा विषय कोण काढणार? आईनं देवनहळ्ळीच्या कापड दुकानदाराचा मुलगा हेरून ठेवला होता, तो निवडणुकीपर्यंत तरी टळेल. आणि अण्णा निवडून आले तर? म्हणून पत्रकाच्या अगदी शेवटी मी एक ओळ घुसडली, 'मुलींच्या उच्च शिक्षणाचा पुरस्कार करीन.' कानडी भाषांतरातही ती राहील याची काळजी घेतली. वॉर्डभर छापून वाटलेलं वचन उमेदवार स्वतःच्या घरात कसं मोडेल? निवडणूक त्यांची होती, पण पणाला माझं कॉलेज लागलं होतं.

समोर उभा होता सोड्याच्या कारखान्याचा मालक, आधीपासून निवडून येत आलेला. त्याच्या सभेत गोळीच्या बाटलीतला सोडा फुकट मिळे. लोक तिथे सोडा पीत आणि ढेकर द्यायला आमच्या सभेला येत. चिन्ह म्हणून अण्णांनी कात्री मागितली होती, मिळाली शिडी. भोंगा बांधलेल्या जटक्यात बसून बाकावरची मंडळी ओरडत फिरू लागली तेव्हा घोडा बिथरून थेट सोड्याच्या कारखान्यात शिरला, आणि मालकानं मोठ्या मनानं घोड्यालाही पाणी पाजलं.

अण्णा घरोघर जाऊ लागले. मत मागताना त्यांची नजर समोरच्याच्या खांद्यावर जायची, माप घेण्याची सवय ती कुठे जाणार. सुरुवातीला ते दारात उभे राहून आमच्या पाटीची कथा सांगत. माणसं हसत, मग हसता हसता आपली सांगू लागत. एका बाईचा मुलगा सैन्यात होता. नंबर बदलल्यापासून त्याची पत्रं येईनाशी झाली होती आणि ती मनाला येईल तो अर्थ लावून रडत होती. अण्णा तिला घेऊन पोस्टात गेले, तर तीन पत्रं एका पेटीत पडलेली. एका म्हाताऱ्याच्या दारापुढे दिवा नव्हता म्हणून तो संध्याकाळनंतर देवळात जात नव्हता. गटाराबद्दल तर सगळेच बोलत. मापांच्या वहीत छाती-कंबर लिहायच्या जागी अण्णा आता दिवे आणि गटारं लिहू लागले. रात्रीच्या जेवणाला बसले की त्याच गोष्टी. मी घास गिळत बसे. मी खोटी तक्रार रचली होती आणि तिच्या मागून खऱ्या तक्रारी निघत होत्या. माझी तेवढी खोटी, बाकी सगळ्या खऱ्या. पण मजा वाटण्याचे दिवस अजून संपले नव्हते. लोक अण्णांना ओळखू लागले होते, आणि सोडेवाल्यानं एकदा रस्त्यात थांबून त्यांना नमस्कार केला, तो दिवस मी कॅलेंडरवर खूण करून ठेवला.

शेवटच्या मोठ्या सभेच्या दिवशी दुपारी दुकानात एक माणूस आला. फळीवरून जपून पावलं टाकत आला आणि पायरीखालीच उभा राहिला. निळ्या पाट्या लावणारा तोच. अण्णांच्या अर्जांवर कार्पोरेशननं एवढंच केलं होतं की त्या माणसाला कामावरून काढलं होतं. हंगामी माणूस, काढायला वेळ लागत नाही. तो आनेकलच्या बाजूचा होता, घरी बायको आणि म्हातारी आई. तो रडला नाही, ओरडला नाही. कानडीत एवढंच म्हणाला की सामी, मी नंबर वाचून पाटी लावतो. मला वाचता येतं म्हणूनच ते काम मिळालं होतं. तुमच्या दाराला मी एक्केचाळीसच लावली होती. तुम्ही अर्ज मागे घेतलात तर मला परत घेतील.

अण्णा मशीनवर होते. त्यांच्या डोळ्यांपुढे संध्याकाळची सभा होती. पाटीची कथा हेच त्यांचं भाषण, ते काढलं तर उरणार काय? त्यांनी वर न बघता सांगितलं, निवडणूक होऊ दे, मग बघू. तो माणूस सरी, म्हणजे बरं, म्हणाला आणि फळीवरून परत गेला. त्या एका वाक्यानं अण्णा पुढारी झाले, आणि ते मीच त्यांना केलं होतं.

मी मागे बटणं लावत बसले होते. हातातलं बटण उलटं लागलं. कॉलेजचे फॉर्म मिळायला आठवडा राहिला होता. आत्ता गप्प बसलं तर अण्णा कदाचित निवडून येतील, आणि ती शेवटची ओळ मला कॉलेजच्या फाटकापर्यंत नेईल. बोललं तर सभेत त्यांची फजिती, आणि घरात देवनहळ्ळी. हे सगळं मी मनात मांडून पाहिलं हे लपवत नाही. मी काही फार थोर मुलगी नव्हते. पण तो माणूस किती जपून त्या फळीवरून चालला होता ते डोळ्यांपुढून हलेना. आपण इतके दिवस ज्याला गंमत म्हणत होतो ती याच्या ताटातून निघाली होती. मला स्वतःची लाज वाटली.

"पाटी मी बदलली, अण्णा."

मशीनचं चाक थांबलं. त्यांनी विचारलं, "कुठली?"

"दोन्ही."

मला वाटलं आता मारतील. त्यांनी कधी मारलं नव्हतं, पण कधी ओरडलेही नव्हते आणि ओरडून दाखवलं होतं. त्यांनी बोटातला अंगुस्ताना काढून खणात टाकला, खुंटीवरचा स्वतःचा जुना कोट घातला आणि बाहेर पडले. दुकान तसंच उघडं.

सभा चौकात होती. बायकांसाठी एक सतरंजी बाजूला घातलेली, तिच्यावर मी आणि आई. अण्णा खुर्चीवर चढले. त्यांनी दिव्यांबद्दल सांगितलं, गटाराबद्दल सांगितलं, आणि मग लोक पाटीच्या कथेची वाट बघत पुढे सरकले. अण्णा म्हणाले, ती कथा आज बदलली आहे. पाटी लावणाऱ्यानं ती बरोबर लावली होती. त्याचा काही दोष नसताना माझ्या तोंडामुळे त्याची रोजी गेली. मी उद्या लिहून देणार आहे.

मागून कुणीतरी ओरडून विचारलं, मग पाटी हलवली कुणी? मी सतरंजीची कड मुठीत धरली.

"घर माझं आहे," अण्णा म्हणाले, "तेव्हा मीच हलवली म्हणा."

काय हशा झाला. जावई टाळायला सासऱ्यानंच पाटी बदलली, हे लोकांनी तिथल्या तिथे जुळवून टाकलं. कुणी शिट्ट्या मारल्या. बाकावरची मंडळी एकेक करून खाली बघू लागली. सोडेवाला स्वतः कोपऱ्यावर उभा राहून पोट धरून हसत होता, आणि हसून झाल्यावर त्यानं अण्णांसाठी एक बाटली पाठवली. अण्णांनी ती खुर्चीवर उभ्यानंच प्यायली. त्या हशात ते एकटे होते आणि मी बायकांत बसून होते. उठून 'पाटी मी हलवली' असं म्हणायचं माझ्याच्यानं झालं नाही. ते मला आजही लागतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कार्पोरेशनात जाऊन लिहून दिलं, आणि तिथून हलले नाहीत. तीन दिवस दुकान बंद ठेवून या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. चौथ्या दिवशी तो माणूस शेजारच्या गल्लीत शिडीवर दिसला. मतं मोजली तेव्हा अण्णा चौघांत तिसरे आले. चौथ्यानं आधीच मैदान सोडून सोडेवाल्याला पाठिंबा दिला होता.

निकालाच्या दिवशी संध्याकाळी आई शेजारी गेली होती, देवनहळ्ळीचं पत्र वाचून घ्यायला. अण्णा ओट्यावर बसले होते. मी कॉफी आणली. त्यांनी ती घेतली आणि सभेच्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"तो मुलगा नको होता, का लग्नच नको होतं?"

मी म्हटलं, कॉलेज हवं होतं.

"मग तसं सांगायचं होतंस की पोरी. पाट्या कशाला हलवायच्या?"

"सांगितलं होतं, अण्णा. तीनदा."

त्यांना पटेना. म्हणून मी एकेक सांगितलं. पहिल्यांदा माझ्या परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी सांगितलं, तेव्हा तुम्ही कोट बेतत होतात आणि म्हणालात, टाचण्या दे. दुसऱ्यांदा जेवताना सांगितलं, तर तुम्ही सारात मीठ नाही म्हणालात. तिसऱ्यांदा पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सांगितलं, तेव्हा म्हणालात, मग बघू.

शेवटचं ऐकून त्यांनी पेला खाली ठेवला. गल्लीत सोडेवाल्याची मिरवणूक येत होती, ताशा वाजत होता, ती आमच्या दारावरून पुढे गेली.

"बरं झालं पडलो," ते म्हणाले. "निवडून आलो असतो तर अख्ख्या वॉर्डाला टाचण्या मागितल्या असत्या."

आई परत आली तेव्हा त्यांनी तिला सांगितलं की देवनहळ्ळीला नाही म्हणून कळवायचं. आई पुष्कळ बोलली. अण्णा सगळं ऐकून घेत होते, मध्ये एकदाही काही मागितलं नाही, आणि ती थांबली तेव्हा नाही म्हणूनच कळव एवढंच पुन्हा म्हणाले.

दोन दिवसांनी सकाळी दुकान न उघडता ते माझ्याबरोबर फॉर्म आणायला कॉलेजात निघाले. पेटेतून पायीच. आम्हा दोघांना एकमेकांशी बोलायची सवय नव्हती, म्हणून मी गप्प चालले होते. ते दोन पावलं पुढे. मध्येच थांबले, वळून म्हणाले, काही म्हणालीस का? मी नाही म्हटलं. चौक ओलांडल्यावर पुन्हा थांबले, पुन्हा विचारलं. कॉलेजच्या फाटकापर्यंत त्यांनी तीन-चारदा तरी असं विचारलं असेल, आणि मी सबंध वाटेत एक शब्द बोलले नव्हते.